सात नंबरचा साचा

१

शेठ सकाळी आठला आमच्या सगळ्यांच्या देखत पाणी प्याले आणि दिवेलागणीच्या आत गेले. डॉक्टरांनी पोटात विष गेल्याचं सांगितलं, तेव्हा कारखान्यातली दीडशे माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली.

आमच्याकडे औषधांच्या तपकिरी बाटल्या होतात. शेठ मालक तर होतेच, शिवाय सात नंबरच्या वॉर्डाचे अकरा वर्षं नगरसेवक. दोन्ही कामं ते एकाच पद्धतीने करायचे, म्हणजे ओरडून. पण मनात काही ठेवायचे नाहीत. रोज सकाळी आठला ते सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी यायचे. भट्टीतून निघालेल्या बाटल्या एका लांब बोगद्यातून हळूहळू थंड होत तिथे बाहेर पडतात. शेठ डोळे मिटायचे, एक बाटली उचलायचे, किटलीतलं वाफाळतं पाणी तिच्यात ओतायचे आणि ती तडकली नाही की तेच पाणी फुंकून फुंकून प्यायचे. आपण तोंड लावू शकत नाही अशी बाटली आजाऱ्याच्या घरी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. मग रिकामी बाटली त्यांचे चिटणीस पिशवीत घालून वॉर्ड ऑफिसात न्यायचे. तिथे म्हणे त्या बाटल्या तारीखवार मांडून ठेवतात. मी काही तिथे कधी गेले नव्हते. आमच्या घरची गटाराची तक्रारसुद्धा दादाच परस्पर शेठच्या कानावर घालायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याचा भट्टीमास्तर. आई-वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं आणि इथे चिकटवलं. माझं काम पट्ट्याशेजारी उजेडाच्या पडद्यासमोर बसून प्रत्येक बाटलीत चीर, बुडबुडा, खडा शोधायचं. सगळे मला भिंगबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे राग येत नाही.

त्या दिवशी शेठ अर्धी बाटली पिऊन उरलेलं पाणी घोट घोट घेत मिश्रणघराकडे गेले. अर्ध्या तासाने तिथेच पोट धरून कोसळले आणि बाटली फुटली. पहिला धावला तो दादा.

किटलीतल्या पाण्याचाच चहा आम्ही चाळीस जणांनी घेतला होता, कुणाला काही झालं नाही. विष सापडलं ते फुटक्या बाटलीच्या काचांवर. आणि विषही घरचंच निघालं: काचेतले बुडबुडे जावेत म्हणून मिश्रणात चिमूटभर घालतात ती पांढरी पूड. ती मिश्रणघरातल्या कपाटात असते. कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी दादाला नेलं.

२

फौजदार माझ्या पडद्याशेजारीच ठाण मांडून बसले. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. ओरडणाऱ्या शेठची सवय असलेल्या आम्हाला त्या हळू आवाजाचीच धडकी भरायची.

दादाविरुद्ध त्यांच्याकडे किल्ली होतीच, वर भांडणही होतं. आदल्या दुपारी दादा शेठना म्हणाला होता, "उद्या तुम्ही सभेत तोंड उघडलंत तर भट्टी विझेल. मी ते होऊ देणार नाही." हे सतरा जणांनी ऐकलं आणि सतराही जणांनी पोलिसांना अगदी शब्दन् शब्द सांगितलं. शेठ वॉर्डाच्या सभेत काय बोलणार होते ते मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं होतं की त्यानंतर कारखाना बंद ठेवावा लागेल. त्या रात्री जेवताना मीही घरात नाही नाही ते बोलले होते. भट्टी गेली तर आम्ही दोघांनी जायचं कुठे?

त्या सकाळी साडेसात ते आठच्या मध्ये पट्ट्याच्या तोंडाशी कोण कोण येऊन गेलं, हे दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं. चौघंच जण: दादा, शेठचे भाऊ म्हणजे धाकटे शेठ, चिटणीस आणि मी. मी तर तिथेच बसलेली, पण उजेडाच्या पडद्याकडे बघत असताना मागे हत्ती आला तरी मला दिसत नाही.

फौजदार म्हणाले, "हजारो बाटल्यांतून माणूस डोळे मिटून एक उचलतो. मारणाऱ्याला ती आधी कशी कळली, एवढंच मला समजत नाही." मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला काचेचा जाड तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हे त्या बाटलीचं बूड. यावर आकडा आहे. कसला?"

आमच्या मशीनवर आठ साचे असतात. प्रत्येक साचा आपला नंबर बाटलीच्या बुडावर उमटवतो, म्हणजे खोट निघाली तर कुठल्या साच्याची ते कळतं. तुकड्यावर सात होता.

 मला दोन गोष्टी माहीत होत्या. एक अशी की शेठ डोळे मिटायचे खरे, पण त्यांचा अंगठा जागा असायचा. जवळच्या बाटलीपासून एकेकीच्या बुडावर तो फिरायचा आणि वॉर्डाचा आकडा लागला की थांबायचा. सहा वर्षं मी ते बघून गालात हसत होते. दुसरी गोष्ट अशी की सातचा साचा आदल्या संध्याकाळीच मशीनवरून उतरवला होता. त्या सकाळी माझ्यासमोरून सातची एकही बाटली गेली नव्हती.

म्हणजे ही बाटली बोगद्यातून आलेलीच नव्हती. कुणीतरी जपून ठेवलेली सातची बाटली विष घालून पट्ट्यावर सगळ्यांत पुढे मांडली होती. आणि आदल्या संध्याकाळी, भांडणानंतर, सातचा साचा हातात घेऊन उभा असलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता.

"साच्याचा नंबर असतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

फौजदारांनी तुकडा पुन्हा गुंडाळला. "बाई, तुम्ही बाटल्यांमधली खोट शोधता ना? मग स्वतःची लपवायला नीट शिका," ते म्हणाले. "काहीतरी दिसलंय तुम्हाला."

३

मला दादाला पाच मिनिटं भेटू दिलं. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. मी गजांना धरून हळूच विचारलं की तू पोलिसांना काहीच का सांगत नाहीस. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, आणि ती स्वतःसाठी असल्यासारखी वाटत नव्हती.

"मला काही सांगायचं नाही. तूही बोलू नकोस. बाटलीबद्दल, साच्याबद्दल, कशाबद्दलच नाही. ऐकतेस ना?"

साच्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. मी घरी आले, दाराला कडी लावली आणि जमिनीवर बसून राहिले. ज्या हाताने मला शाळेत सोडलं त्याच हाताने हे केलं, असंच मला त्या घटकेला वाटलं. लाज वाटते, पण वाटलं हे खरं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. भट्टी कुणासाठी थांबत नाही आणि बाटल्याही थांबत नाहीत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. पुन्हा एक, दोन. सात अजून बंदच होता. मी उजेडाकडे बघत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. साचा दादाने उतरवला, म्हणजे सात बंद आहे हे दादाला माहीत होतं.

माहीत होतं. मग त्याने सातची बाटली का ठेवली असती?

मी पट्टा सोडून उठले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. फौजदार ऑफिसात चहा पीत होते. मी अंगठ्यापासून साच्यापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "उलट म्हणता येईल," ते म्हणाले. "सात बंद, म्हणजे पट्ट्यावर सातची एकच बाटली. शेठ तीच उचलणार. माहीतगाराला सोपंच झालं की."

"नाही साहेब. सात बंद असला की साचेवाले मामा आठच्या ठोक्याला येऊन शेठच्या कानात सांगतात. मग शेठ मिळेल ती उचलतात. हे मशीनवरच्या सगळ्यांना माहीत आहे. मामांनी सांगितल्यावर हाताला सात लागला असता तर शेठनी तिथेच सगळ्यांना फैलावर घेतलं असतं की ही आली कुठून."

"मग त्या दिवशी मामांनी का नाही सांगितलं?"

"आठला पाच कमी असताना मशीनचा एक भाग अडला, तो सोडवायला ते खाली शिरले होते. दोन माणसं त्यांचे पाय धरून बसली होती. हे आधी कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं."

 फौजदारांनी चार नावांच्या कागदावर दादाच्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. काट मारली नाही.

"ज्याला सात बंद आहे हे माहीत नव्हतं, त्याने केलं," ते म्हणाले. "असा कोण?"

मशीनकडे कधीही न फिरकणारे दोघं उरत होते. त्यातले एक आमच्या मागे दारात उभे होते.

४

धाकटे शेठ. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. थोरल्या भावाचा आवाज जेवढा मोठा, तेवढी यांची चाल हलकी. कधी मागे येऊन उभे राहतील याचा नेम नसायचा आणि सगळ्या बायका त्यांना टरकून असायच्या. माल बाहेर पाठवायचं काम त्यांच्याकडे. भाऊ गेला तर कारखाना यांचाच, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"भिंगबाई पट्टा सोडून इथे कशा?" त्यांनी विचारलं. मग शांतपणे दार लावून घेतलं आणि फौजदारांसमोर बसले. मला जा म्हणालं नाही कुणी, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले.

सभेत शेठ काय बोलणार होते ते तेव्हा कळलं. कारखान्यामागच्या वस्तीतून चार वर्षांत साठ-एक पत्रं आली होती. विषारी पुडीच्या रिकाम्या पिशव्या भिंतीबाहेर पडतात, पूड उडून शाळेच्या आवारात जाते, मुलं आजारी पडतात. एक मुलगी गेली होती. शेठना यातलं एकही पत्र कधी मिळालं नव्हतं. त्या मुलीची आई आठवड्यापूर्वी त्यांना रस्त्यात भेटली आणि तोंडावर थुंकली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी शोधून ती पत्रांची फाइल काढली. ती सभेत वाचून दाखवायची आणि स्वतः कारखाना बंद करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"फाइल त्यांच्या बॅगेत होती," धाकटे शेठ म्हणाले. "आता नाही. आणि हो, मी त्यांना अडवलं होतं. भट्टीमास्तरसारखंच."

फौजदारांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या सकाळी मशीनवर किती साचे चालू होते.

 धाकटे शेठ उठून माझ्या बाजूला आले.  माझ्या डोक्यामागे भिंतीला एक तार होती, तिच्यात चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. त्यांनी एक काढून टेबलावर ठेवली. रोज संध्याकाळी मशीनवरून त्यांच्याकडे चिठ्ठी जाते, कारण साचा बंद असला की खोकी कमी भरतात आणि गाड्या तशा सांगाव्या लागतात. आदल्या संध्याकाळची चिठ्ठी होती: साचे सात, नंबर सात बंद. खाली धाकट्या शेठची सही आणि वेळ.

त्यांना माहीत होतं. सात बंद असताना सातची बाटली सापडली तर ती बाहेरून आणलेली हे उघड होणार, एवढं त्यांनाही कळलं असतं, म्हणजे त्यांनी केलं नव्हतं. ते निघून गेल्यावर मी फौजदारांकडे ते बूड मागितलं, माझ्या पडद्याशी नेलं आणि तिरकं धरलं. समोरून बघितलं तर काही नाही. तिरक्या उजेडात मात्र कडेला डिंकाचा चौकोनी डाग दिसला, आणि त्यात अडकलेली कागदाची नखाएवढी चिंधी. चिंधीवर शाईने लिहिलेलं होतं: १४.

पट्ट्यावरच्या बाटलीला डिंक कुठला? तारखांच्या चिठ्ठ्या जिथे लागतात अशी एकच जागा मला ऐकून माहीत होती.

५

वॉर्ड ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. पोलिसांना बघून मांडलेल्या बाटल्या हलवल्या जातील, म्हणून आधी तुम्ही जा, रहिवासी दाखला मागा आणि फक्त बघून या, असं फौजदारांनी मला पढवलं होतं. ते स्वतः हवालदारासह जिन्यात थांबले. अकरा पायऱ्या होत्या. 

चिटणीस एकटेच होते. पन्नाशीचे, स्वच्छ कपड्यांतले, सगळ्यांना नमस्कार करणारे गृहस्थ. वॉर्डात कुणाच्या घरी काही झालं तरी पहिले पोचायचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि दाखल्याचा कागद काढला. मी त्यांच्या डोक्यावरून फळीकडे बघितलं. तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या बुडापाशी तारखेची चिठ्ठी होती. अकरा. बारा. तेरा. पंधरा.

मी बघायचं थांबवलं, पण उशीर झाला होता. माझी नजर कुठे अडकली ते त्यांनी पाहिलं.

ते उठले आणि दाराला कडी घातली. मग फळीवरची तेराची बाटली काढली, माझ्याकडे पाठ करून कप्प्यात काहीतरी चाचपलं, थर्मासमधलं वाफाळतं पाणी तिच्यात ओतलं आणि ती माझ्यापुढे ठेवली. हे सगळं इतकं सावकाश की पाहुण्यांचं आदरातिथ्य चाललंय असं वाटावं.

"घ्या ना ताई. शेठ रोज घ्यायचे."

तपकिरी काचेतून आत काय आहे ते दिसत नव्हतं. कडी लागली होती आणि फौजदार अकरा पायऱ्या खाली होते. ओरडले तर ते वर पोचेपर्यंत काय होईल, याचा मी हिशोब करत होते. चिटणीस टेबलाच्या कडेला बसले, माझ्या आणि दाराच्या मध्ये.

"पत्रं तुम्ही दाबलीत," मी कसंबसं म्हटलं.

"साहेबांना त्रास नको म्हणून. एवढा मोठा माणूस, त्याने पिशव्यांची भांडणं कशाला बघायची? प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहिलं. चौकशी चालू आहे म्हणून. चार वर्षं लिहिलं." त्यांनी दाखल्याचा कागद सरळ केला. "त्या मुलीच्या मयताला मी गेलो होतो. तिच्या बापाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. साहेब ती पत्रं वाचणार म्हणजे माझ्या सह्यांची उत्तरंही वाचणार. मग या वॉर्डात मी कुणाच्या दारात उभा राहणार होतो?"

"आणि पूड?"

"एका पत्रासोबत पुडी आली होती. पुरावा म्हणून पाठवली होती त्यांनी." ते हसल्यासारखं करायला गेले. "फळीवर बहुतेक सगळ्या सातच्याच बाटल्या आहेत, त्यावरूनच मला साहेबांची गंमत कळली होती. उचलली नसती तर मी परत पिशवीत घातली असती. उचलली तरी रिकामी बाटली माझ्याच पिशवीत येणार होती. ती फुटली, एवढंच चुकलं."

"एवढंच नाही," मी म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळत नाही. "सातचा साचा त्या दिवशी बंद होता."

 त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाटली माझ्या ओठांच्या दिशेने उचलली. मी स्वतःला मागे झोकून दिलं, खुर्ची उलटली, आणि त्या आवाजाने जिन्यावर बूट धडधडले. दार तिसऱ्या धक्क्याला उघडलं. तेव्हा चिटणीस बाटली स्वतःच्या तोंडाला लावत होते. हवालदाराने ती हिसकावली.

पाणी तपासलं. त्यात विष होतं.

६

टेबलाच्या कप्प्यात फाइल सापडली आणि पुढच्या सभेत धाकट्या शेठनी उभं राहून साठही पत्रं वाचली, उत्तरांसकट. भट्टी महिनाअखेर विझणार आहे. विझवायला दादाच लागणार, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

दादा सुटून घरी आला तो दुपारी. आंघोळ करून ताटावर बसला, पण जेवेना. मीही समोर बसून राहिले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी केलं असेल, असं तुला एकदा तरी वाटलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण इतके दिवस मी भीतीतच वावरत होते, तिचा मला वीट आला होता. मी म्हटलं, "वाटलं. पूर्ण एक दिवस वाटलं."

त्याने मान हलवली. रागावला नाही. "मला चार दिवस वाटत होतं."

"काय?"

"की तू केलंस." तो ताटाकडेच बघत बोलत होता. "फौजदाराने बूड दाखवलं तेव्हाच मला कळलं, बाटली कुणीतरी आणून ठेवलेली आहे. पट्ट्यापाशी दिवसभर तू असतेस. शेठच्या अंगठ्याची गोष्ट तूच मला हसत हसत सांगितली होतीस. आणि आदल्या रात्री जेवताना तू म्हणालीस, भट्टी विझवणाऱ्याचा मी जीव घेईन."

मी म्हटलं होतं तसं. रागात माणूस म्हणतो तसं.

"पण दादा, मलाही कळलंच असतं की सात बंद आहे. मी सातची बाटली कशाला ठेवली असती? एवढा साधा विचार तू केला नाहीस?"

"नाही केला," तो म्हणाला. "तुझं नाव डोक्यात आलं आणि मी तिथेच थांबलो. पुढे जायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आपण गप्प राहायचं. मग जे व्हायचं ते मलाच होईल."

 मी उठले, आत गेले, नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत हमसून हमसून रडले. बऱ्याच वेळाने बाहेरून दादाचा आवाज आला, जेवता जेवता बोलल्यासारखा.

"नळ बंद कर गं. पाणी वाया चाललंय."